शांघायचे चेनसाहेब

सन १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्रीबुवांनी डिटेक्टिव्ह कथा लिहिणारांसाठी दहा आज्ञा घालून दिल्या. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाच्या नजरेस पडला पाहिजे, भुताखेतांच्या करवी उलगडा करू नये, गुप्त भुयारे एकाहून अधिक असू नयेत, अशा त्या आज्ञा होत. त्यांतील पाचवी वाचून आजचा वाचक चपापल्यावाचून राहणार नाही. ती अशी की, कथेत चिनी मनुष्य आणू नये! पाद्रीबुवांचा चिनी लोकांवर काही राग होता असे मात्र नव्हे. त्या काळच्या स्वस्त इंग्रजी कादंबऱ्यांत कोठे काही काळेबेरे घडले की त्याच्या मुळाशी एखादा धूर्त, क्रूर, अर्धोन्मीलित डोळ्यांचा चिनी हटकून बसलेला असावयाचा. सॅक्स रोमर ह्या लेखकाच्या फू मांचूने १९१३ पासून ह्या खुळास जो ऊत आणला होता, त्याचा नॉक्स ह्यास वीट आलेला होता, इतकेच. १९२५ साली अर्ल डेर बिगर्स ह्या अमेरिकन लेखकाने होनोलुलूचा चार्ली चान हा चिनी पोलीस अंमलदार निर्माण करून थोडी भरपाई केली, हे खरे; पण तोही परक्याने काढलेलाच पुतळा, आणि मोडक्या इंग्रजीत सुभाषिते बोलणारा.

ह्या आज्ञेस सत्तर वर्षे लोटल्यावर, २००० साली, जिच्यात चिनी माणसांवाचून दुसरे जवळजवळ कोणीच नाही अशी एक डिटेक्टिव्ह कादंबरी अमेरिकेत इंग्रजीतून निघाली, आणि ती लिहिणारा गृहस्थ जन्माने शांघायचा होता. कादंबरीचे नाव ‘डेथ ऑफ अ रेड हिरॉइन’. लेखकाचे नाव छ्यू श्याओलुंग. पुढल्याच वर्षी पहिल्या उत्तम कादंबरीबद्दलचे अँथनी पारितोषिक तिला मिळाले. तेव्हापासून तिचा नायक इन्स्पेक्टर चेन ह्याच्यावर एकामागून एक डझनभर पुस्तके झाली असून, गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी ह्या मालिकेने जे ठाण मांडले ते दिवाळी झाली तरी उठावयास तयार नव्हते. म्हणून ह्या महिन्यात वाचकांपुढे तिच्याविषयीच चार शब्द मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

‘रहस्यकथा’ हा शब्द उच्चारताच कित्येक घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात, हे आम्ही जाणून आहो. ती तक्रार जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा सोबती छोटू ही नावे माहीत नाहीत असे मराठी घर एके काळी विरळा. तरी त्या पुस्तकांस दिवाणखान्यातील कपाटात जागा मिळाली नाही ती नाहीच. ती गादीखाली राहिली. मूर्तिजापुराहून यवतमाळास येणारी नॅरोगेजची गाडी, जिला लोक लाडाने ‘शकुंतला’ म्हणत, ती आता बंद पडली आहे. परंतु ती चालू असताना तिची मंदगती अर्नाळकरांच्या पुस्तकास अगदी सोयीची असे. मूर्तिजापुरास उघडलेले पुस्तक यवतमाळ येण्याच्या आत मिटावे, आणि घरी शिरण्यापूर्वी पिशवीच्या तळाशी जावे. ह्या चोरट्या वाचनाने मराठी माणसास वाचनाची गोडी लाविली, हे ऋण आता तरी मोकळ्या मनाने मान्य करावयास हरकत नाही. परंतु चेनसाहेबांची गोष्ट निराळी आहे. ह्या कथा वडील मंडळींनी धाकट्यांपासून लपवून वाचाव्यात अशा आहेत. कारण धाकट्यांस त्यांतील खून आवडेल, आणि त्यांची खरी गोडी खुनात नाही.

चीनची आम्हां महाराष्ट्रीयांची ओळख तशी जुनीच. ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या प्रजेचा करारी स्वभाव लिहून ठेवून गेला. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई आणि त्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात खपे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच त्यांनी देह ठेविला. नंतर १९६२ आले. यात्रेकरू, व्यापारी, हुतात्मा आणि शत्रू, एवढ्या चार खिडक्यांतून आम्ही त्या देशाकडे पाहिले. पण तेथील मध्यम स्थितीतल्या घरात संध्याकाळी चुलीवर काय शिजते, सासरा-सुनेचे बोलणे कसे चालते, मुलाच्या शाळेची चिंता कोण वाहतो, हे पाहावयास पाचवी खिडकी नव्हती. ती ह्या कादंबऱ्यांनी उघडली.

लेखकाची हकीकत कथेहून कमी नाही. छ्यू ह्यांचा जन्म १९५३ चा. वडिलांचा लहानसा धंदा होता. तेवढ्यावरून सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांच्या कपाळी ‘भांडवलदार’ असा शिक्का बसला आणि कुटुंबास त्याचे भोग भोगावे लागले. पुढे मुलगा इंग्रजी शिकला, कविता करू लागला, टी. एस. एलियटची त्याने चिनीत भाषांतरे केली. १९८८ साली त्याच एलियटच्या अभ्यासासाठी तो एलियटच्या जन्मगावी, अमेरिकेतील सेंट लुई येथे गेला. दुसऱ्या वर्षी, १९८९ च्या जूनमध्ये, पेकिंगच्या तिआनानमेन चौकात जे घडले ते घडले, आणि परतीचा मार्ग खुंटला. त्याने तेथेच राहून डॉक्टरेट मिळविली व लेखन इंग्रजीत आरंभिले. कवीने हेराची कथा का लिहावी, असा प्रश्न पडेल. आम्हांस वाटते, पोलीस अंमलदारास कोणाच्याही दारावर थाप मारता येते, हे त्याचे कारण. बड्या साहेबाचा बंगला, गल्लीतील नळ, कारखान्याचे वसतिगृह, कराओके चालणारी हॉटेले, सर्वत्र त्याला प्रवेश. ज्याला एक संपूर्ण शहर दाखवावयाचे आहे त्याला ह्याहून सोयीचा वाटाड्या कोण मिळणार?

पहिल्या पुस्तकाचा काळ १९९० चा आहे. शांघायजवळच्या एका कालव्यात एका तरुणीचे प्रेत सापडते. ती साधी स्त्री नव्हे. मोठ्या सरकारी दुकानात काम करणारी ती ‘राष्ट्रीय आदर्श कामगार’ होती. तिचे फोटो वर्तमानपत्रांतून छापून येत, सभांतून तिचा गौरव होई. ग्वान होंगयिंग ह्या तिच्या नावातच ‘तांबडी वीरांगना’ असा अर्थ भरलेला. अशी स्त्री मेली कशी, हा प्रश्न मागाहून. मेली हे लोकांस सांगावे कसे, हाच पहिला प्रश्न. प्रेताच्या पोटात माशाची महागडी खारवलेली अंडी सापडतात. वसतिगृहात राहणाऱ्या कामगार बाईच्या पानात हा जिन्नस आला कोठून? एवढ्या एका घासावरून इन्स्पेक्टर चेन ओळखतो की, ह्या बाईस आदर्श आयुष्याच्या आत दुसरे एक आयुष्य होते. धागा उलगडत उलगडत एका बड्या पुढाऱ्याच्या चिरंजिवापर्यंत जाऊन पोहोचतो. पुढे काय होते ते सांगून आम्ही वाचकांच्या आनंदाचा खून करीत नाही.

स्वतः चेन हा मोठा गमतीचा माणूस आहे. वय पस्तिशीचे, अविवाहित. त्याला व्हावयाचे होते वाङ्मयाचा अभ्यासक. सरकारने नेमणूक दिली पोलिसखात्यात, म्हणून पोलीस. फावल्या वेळी तो कविता छापतो आणि पैशासाठी इंग्रजी रहस्यकथांची भाषांतरे करतो. प्रेताजवळ उभा असताना त्याला हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या थांगकालीन कवीची ओळ आठवते, जशी आमच्याकडील जुन्या शास्त्रीबुवांस भाजी घेतानाही भर्तृहरी आठवावा. त्याचे वडील जुन्या विद्येचे प्राध्यापक. क्रांतीच्या धामधुमीत छळ सोसून वारले. आई एकटी एका लहानशा खोलीत राहते, आणि मुलगा भेटावयास आला की लग्नाचा विषय काढते. ‘तुझ्या वयाच्यांना दोन दोन मुले झाली’ ह्या चालीचे तिचे बोलणे वाचून आमच्या घरातील काकूंनी चष्मा काढून विचारले, “ही बाई शांघायची आहे, की दारव्ह्याची?”

चेनचा हाताखालचा अंमलदार यू हा तर आम्हांस चेनहून अधिक प्रिय झाला आहे. तो आणि त्याची बायको पेइछिन हे दोघे तरुणपणी ‘खेड्यात जाऊन शेतकऱ्यांकडून शिका’ ह्या हुकुमाखाली दूर युनानला पाठविलेले. निघण्यापूर्वी दोघांच्या आईबापांनी त्यांची गाठ घालून दिली. परमुलखात एकमेकांस सांभाळतील, ह्या हेतूने. प्रेम मागाहून आले, आणि ते टिकले. आता शांघायला परत आल्यावर वडिलांस पूर्वी मिळालेल्या जागेच्या वाटण्या पडून एक खोली त्यांच्या वाट्यास आली आहे. तिच्यातच नवरा, बायको, मुलगा, जेवण, अभ्यास आणि खुनाचा तपास. पेइछिन एका खाणावळीत हिशेब लिहिते, सवड सापडताच ‘लाल महालाचे स्वप्न’ ही जुनी थोर कादंबरी पुन्हा पुन्हा वाचते, आणि नवऱ्याला न सुचलेली गोष्ट तिला भाजी चिरता चिरता सुचते. यूचे वडील सेवानिवृत्त पोलीस. लोक त्यांस ‘म्हातारा शिकारी’ म्हणतात. एकत्र कुटुंबाची इतकी खरी, इतकी अवघडलेली आणि तरी इतकी मायेची चित्रे आम्ही आजकालच्या आमच्या कादंबऱ्यांतूनही फारशी पाहिलेली नाहीत.

जागेची अडचण हा ह्या मालिकेचा गुप्त नायक म्हणावा लागेल. तिसऱ्या पुस्तकात, ‘व्हेन रेड इज ब्लॅक’ ह्यात, एका लेखिकेचा खून होतो तो एका जुन्या ‘शिकुमेन’ घरात. दगडी चौकटीची ही घरे मुळात एकेका सुखवस्तू कुटुंबासाठी बांधलेली. राज्य पालटल्यावर प्रत्येक खोलीत एक संसार शिरला, आणि एका स्वयंपाकघरात डझनावारी कोळशाच्या शेगड्या आल्या. जिन्याच्या वळणावर, स्वयंपाकघराच्या माथ्यावर असलेली कोंदट खोली त्या लेखिकेची. तिच्या दारावरून ये-जा केल्याशिवाय कोणास वर जाता येत नाही. तरी मारेकऱ्यास कोणी पाहिले नाही! ज्यांनी मुंबईची चाळ पाहिली आहे, किंवा भावाभावांच्या वाटण्या होऊन एकाच वाड्यात सात चुली पेटलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस ह्या कोड्याची मौज विशेष कळेल. कोणाच्या शेगडीवर आज मासळी आहे, कोणाचा कोळसा कोणी उचलला, कोणाच्या घरी रात्री अनोळखी पाहुणा आला, हे सर्वांस ठाऊक. आणि पोलीस आला की कोणासच काही ठाऊक नाही. फरक एवढाच की, आमच्या वाड्यातील माणसे निदान नात्याने बांधलेली असतात. त्या घरातील माणसे सरकारी वाटपाच्या चिठ्ठीने एकत्र आलेली आहेत, आणि कोण कोणाविरुद्ध काय लिहून देईल ह्या भीतीत त्यांची निम्मी हयात गेली आहे. शेजाऱ्याच्या डोळ्यांत डोळा घालून न पाहण्याची ती सवय लेखकाने फार बारकाईने टिपली आहे.

सामान्य रहस्यकथेत गुन्हेगार सापडला की ग्रंथ समाप्त. अर्नाळकरांचा धनंजय शेवटच्या प्रकरणात उलगडा करून मोकळा होतो. होम्स व्हायोलिन हाती घेतो. चेनच्या कथेत गुन्हेगार पुस्तकाच्या मध्यावरच ओळखू येतो आणि खरा पेच तेथून सुरू होतो. कारण ह्या माणसास पकडावे की नाही, हे पुरावा ठरवीत नाही; पक्षाचे हित ठरविते. पोलिसठाण्यात चेनच्या डोक्यावर पक्षाचे चिटणीस ली बसलेले आहेत. ते दुष्ट नाहीत, चेनवर त्यांची मर्जीही आहे. परंतु प्रत्येक धाग्याकडे ते ‘ह्याचा परिणाम वर काय होईल’ ह्या दृष्टीने पाहतात. आज ज्याला वाचवावयाचे तोच उद्या वारा फिरला की बळी द्यावयास उपयोगी पडतो. अशा वेळी मिळालेला न्याय हा न्याय होय काय? खुनी खरा, पुरावा खरा, शिक्षाही झाली. पण ती खुनाबद्दल झाली की दुसऱ्याच कशाबद्दल?

येथे आम्हांस रामशास्त्र्यांची आठवण झाली. १७७३ च्या ऑगस्टात नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात वध झाला तेव्हा तपासाचे बोट ज्याच्याकडे वळले तो गादीवर बसू पाहणारा सख्खा चुलताच होता. शास्त्रीबुवांनी राघोबादादांस तोंडावर दोषी म्हटले आणि अधिकार सोडून ते पुण्याबाहेर पडले. हे आम्ही मुलांस अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. परंतु शास्त्रीबुवांस निघून जावयास एक गाव होते. चेनला ते नाही. राजीनामा दिला तर खटला दुसऱ्याच्या हाती जाईल आणि दप्तरात मिटेल. राहिला तर प्रत्येक पावलास तडजोड. तो राहतो. जुन्या ओळखी वापरतो, एका बड्या घरच्या मुलीच्या पूर्वीच्या स्नेहाचाही उपयोग करतो, आणि त्या उपयोगाची लाज त्याला पुढील कित्येक पुस्तकांत सुटत नाही. जुन्या चिनी कथांतील डी न्यायाधीशाच्या हाती शोध आणि शिक्षा ही दोन्ही असत. व्हान गुलिक ह्या डच वकिलाने ह्या डी महाशयांस युरोपात नेले, आणि २०२२ साली छ्यू ह्यांनीही त्यांच्यावर एक पुस्तक लिहिले. चेनच्या हाती मात्र केवळ शोध आहे.

आता कोणी म्हणेल, हे सर्व चीनचे. तेथे असेच चालावयाचे. ह्या कादंबऱ्यांची चिनी भाषांतरे निघाली तेव्हा त्यांतून ‘शांघाय’ हा शब्दच गळाला आणि त्याजागी ‘एच शहर’ असे नाव आले. असले गुन्हे शांघायमध्ये होतात असे छापणे बरे नव्हे, म्हणून! हे वाचून आमच्या घरातील तरुण मंडळी खो खो हसली. आम्हीही हसलो असतो; पण आम्ही यवतमाळात राहतो. १९७३ साली ह्याच गावी ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली ९२ वे संमेलन भरले, तेव्हा उद्घाटनासाठी नयनतारा सहगल ह्यांस बोलाविले होते. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे महाराष्ट्रीय, राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतरकार. संमेलन काही दिवसांवर आले असता आयोजकांनी ते निमंत्रण परत घेतले. शेवटी उद्घाटन केले ते वैशाली येडे ह्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने, आणि त्या जे बोलल्या ते येथील लोकांच्या स्मरणात आहे. सहगलबाईंचे न झालेले भाषणही वर्तमानपत्रांतून घरोघर वाचले गेले. दोन्ही देशांतील फरक आम्ही जाणतो. तेथे न झालेले भाषण छापून येत नाही; येथे आले. पण ‘एच शहर’ ह्या शब्दास हसताना आमचा आवाज थोडा खाली आला, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

परक्या भाषेत आपल्या शहराची कथा सांगणे कसे असते, ह्याचा उलट दाखला आमच्याच मुंबईचा आहे. एच. आर. एफ. कीटिंग ह्या इंग्रज लेखकाने १९६४ साली मुंबई गुन्हे शाखेचे इन्स्पेक्टर गणेश घोटे ह्यांस जन्म दिला. आधी ‘घोष’ हे नाव त्याच्या मनात होते. ते बंगाल्याचे, मुंबईच्या माणसास शोभणार नाही, असे कोणी सांगितले म्हणून ‘घोटे’ केले. घोटेंच्या कथा लिहू लागल्यानंतर सुमारे दहा वर्षे ह्या लेखकाने हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता! त्यातील पहिल्या पुस्तकावर १९८८ मध्ये चित्रपट निघाला. घोटे झाले होते नसीरुद्दीन शहा. घोटे भिडस्त, वरिष्ठांस भिणारे, बायकोचे बोलणे ऐकून घेणारे. माणूस म्हणून आम्हांस ते आवडतात. पण त्यांची मुंबई नकाशावरून आणि पुस्तकांवरून रचलेली आहे, आणि ते कोठे ना कोठे दिसते. गल्लीतील सार्वजनिक टेलिफोनवर बसून कोणाचा फोन कोणास आला हे ध्यानात ठेवणारा छ्यू ह्यांचा म्हातारा नकाशावरून रचता येत नाही.

दोष नाहीत असे नाही. कविता फार झाल्या आहेत. दर दहा पानांस एक ह्या हिशेबाने त्या येतात, आणि काही ठिकाणी तर चेनसाहेबांनी कवितेऐवजी संशयिताकडे पाहावे असे वाटते. चिनी म्हणी इंग्रजीत जशाच्या तशा उतरविल्यामुळे संभाषणे कधी कधी लाकडी वाटतात. पुढील पुस्तकांत अडचण आली की चेनचा कोणी श्रीमंत मित्र प्रकट होऊन ती दूर करतो, हा प्रकार अर्नाळकरांनीही एका पुस्तकात एकदाच केला असता. खाण्याची वर्णने रसभरित आहेत. पण शाकाहारी घरांत ती मोठ्याने वाचणारास सावध राहावे लागते. यूच्या खोलीत खेकड्यांची जी मेजवानी होते तिच्या वेळी आमच्या वाचक सूनबाईंनी दोन पाने अशा सफाईने गाळली की, आजोबांनी विचारले, “हे लोक जेवावयास बसले होते ते जेवले केव्हा?”

ज्यांस ही मालिका हाती धरावयाची असेल त्यांनी पहिले पुस्तक घ्यावे, आणि मग एकदम तिसऱ्यावर जावे. दुसरे, ‘अ लॉयल कॅरॅक्टर डान्सर’, मागाहून वाचले तरी चालते. त्यातील अमेरिकन पोलीसबाई आम्हांस चित्रपटातून आल्यासारखी वाटली. २०१२ चे ‘डोन्ट क्राय, ताय लेक’ हे आकाराने लहान असून एका सुंदर सरोवराचे कारखान्यांनी काय केले ह्याची कथा आहे. नदीकाठी कारखाने आलेल्या वणीकडील मंडळींस ते जवळचे वाटेल. २०१३ चे ‘एनिग्मा ऑफ चायना’ ह्यात एका अधिकाऱ्याच्या टेबलावरील उंची सिगारेटच्या पाकिटाचा फोटो पाहून लोक त्याच्या संपत्तीचा शोध इंटरनेटवर कसा घेतात ते आले आहे. घरात संगणकावर बसणारे चिरंजीव असतील तर हे त्यांच्याकडे द्यावे. इंग्रजी ज्यांस येत नाही त्यांच्यासाठी रात्री जेवणे आटोपल्यावर एकाने वाचून मराठीत सांगत जावे. आमच्या घरी हाच क्रम आहे. सध्या चौथे पुस्तक चालू असून, खुनी कोण ह्याविषयी आजोबा आणि काकू ह्यांचे मत जुळलेले नाही.